स्वयंनिर्मित हलक्या विमानाचे ब्रेक आणि देखभालीची परंपरा : येरवडा–विश्रांतवाडी–लोहगाव पट्ट्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

विमानविद्येचा इतिहास बहुधा उड्डाणांच्या तारखांनी लिहिला जातो. कोण प्रथम उडाले, किती उंच गेले, किती अंतर कापले, या प्रश्नांना त्यात अग्रस्थान असते. उडालेले यंत्र जमिनीवर उतरल्यानंतर कसे थांबले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उडण्यायोग्य कसे राहिले, या प्रश्नाची दखल मात्र अभावानेच घेतली जाते. व्यक्तीने स्वतः बांधलेल्या, म्हणजेच स्वयंनिर्मित विमानाच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, कारण तेथे निर्माता, वैमानिक आणि देखभाल करणारा कारागीर या तिन्ही भूमिका पुष्कळदा एकाच व्यक्तीकडे असतात. प्रस्तुत लेखात अशा विमानाच्या ब्रेक-यंत्रणेच्या देखभालीचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, त्यासाठी पुणे शहराच्या ईशान्येकडील येरवडा–विश्रांतवाडी–लोहगाव या पट्ट्याचा संदर्भ घेतला आहे. स्वयंनिर्मित विमानाची परंपरा पहिल्या उड्डाणाने जन्म घेत असली, तरी ती टिकते देखभालीच्या शिस्तीने व नोंदींनी, हे या विवेचनाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

१. येरवडा, विश्रांतवाडी आणि लोहगाव : जमिनीचा प्रश्न

आळंदी रस्त्यावरील विश्रांतवाडी आज दाट लोकवस्तीचे उपनगर आहे. तिच्या एका अंगाला येरवडा आणि दुसऱ्या अंगाला लोहगावचा विमानतळ आहे. या दोन्ही ठिकाणांना विमान-इतिहासात स्वतंत्र स्थान आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल आणले आणि भारतीय नागरी हवाई सेवेचा पाया घातला. जुहूचे मैदान समुद्रालगत व सखल होते. पावसाळ्यात तेथे पाणी साचून चिखल होत असे. त्यामुळे सेवेच्या आरंभीच्या काळात पावसाळा लागला की विमाने, वैमानिक व मेकॅनिक यांचा सारा संसार पुण्यात हलवला जाई. येरवडा तुरुंगाजवळ त्यासाठी एक छोटे मैदान तयार करण्यात आले होते. टाटा यांनी पुढे आपल्या आठवणींत त्याचा आवर्जून उल्लेख केला.

लोहगावचा तळ १९३९ मध्ये ब्रिटिश हवाई दलासाठी उभारला गेला. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय वायुदलाचा महत्त्वाचा तळ झाला. त्याची पक्की धावपट्टी अडीच किलोमीटरहून थोडी अधिक लांबीची असून नागरी विमानसेवाही तेथूनच चालते. येरवड्याचे हंगामी मैदान व लोहगावची पक्की धावपट्टी यांच्यातील कालांतर दहा वर्षांहून कमी असले, तरी त्यात एक मोठे तांत्रिक स्थित्यंतर सामावलेले आहे. मऊ मैदानावर विमानाला जमीनच अडवते. कठीण धावपट्टीवर हे काम ब्रेकला करावे लागते.

२. ब्रेकपूर्व काळ

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला चाकेच नव्हती. ते रुळावरून निघे आणि लाकडी पट्ट्यांवर घसरत उतरे. पहिल्या महायुद्धातील विमानांना चाके होती, मात्र ब्रेक सामान्यतः नसत. शेपटीखालचा लाकडी अथवा धातूचा घासता दांडा गवताळ जमिनीत रुतून विमानाचा वेग कमी करी. भारतातील फ्लाइंग क्लबांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या टायगर मॉथ या प्रशिक्षण विमानाच्या मूळ रचनेतही चाकांना ब्रेक नव्हते. वारा असताना असे विमान जमिनीवरून नेण्यासाठी पंखाच्या टोकाशी माणूस चालवावा लागे.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस विमाने जड व वेगवान होऊ लागली, पक्क्या धावपट्ट्या वाढल्या आणि शेपटीच्या दांड्याची जागा चाकाने घेतली. परिणामी चाकांचे ब्रेक अपरिहार्य ठरले. आरंभी तारेने ओढले जाणारे ड्रम ब्रेक, नंतर हवेच्या अथवा तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डिस्क ब्रेक असा हा क्रम होता. डनलॉप कंपनीने विमानांसाठी विकसित केलेले डिस्क ब्रेक मोटारींकडे वळवले गेले आणि १९५३ मध्ये जॅग्वार मोटारीने त्यांच्या साहाय्याने ल मान्सची शर्यत जिंकली. चाक घसरू न देणारी यंत्रणाही आधी विमानात आली व नंतर रस्त्यावर उतरली. आज पुण्याच्या रस्त्यांवर धावणाऱ्या सामान्य मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकची वंशावळ अशा रीतीने विमानापर्यंत जाऊन भिडते.

३. स्वयंनिर्मित विमान आणि देखभालीचा अधिकार

फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी १९३४ मध्ये आपल्या ‘पू-दु-सिएल’ या छोट्या विमानाच्या बांधणीची माहिती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. सुतारकाम जाणणारा मनुष्य विमान बांधू शकतो, असा त्यांचा विश्वास होता. युरोपात अनेकांनी ते बांधले. तथापि प्राणघातक अपघातांची मालिका घडली, संशोधनाअंती रचनेतील दोष उघड झाला आणि १९३६ च्या सुमारास त्याच्या उड्डाणांवर निर्बंध आले. या घटनेने एक मूलभूत प्रश्न उभा केला. स्वतः विमान बांधण्याचे स्वातंत्र्य मान्य केले, तर त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची?

ब्रिटनमध्ये १९४६ मध्ये स्थापन झालेल्या हलक्या विमानांच्या संघटनेने आपल्या निरीक्षकांमार्फत तपासणीची पद्धत रुजवली. अमेरिकेत १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने प्रायोगिक विमान संघटना उभी राहिली. तेथील नियमानुसार विमानाचा बहुतांश भाग हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी अथवा छंदासाठी बांधलेला असावा लागतो. १९७९ पासून तेथे अशा विमानाच्या मुख्य निर्मात्याला त्याच विमानापुरते दुरुस्तीकाराचे प्रमाणपत्र मिळू लागले. त्याच्या आधारे तो विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करून नोंदवहीत सही करू शकतो. ज्याने बांधले त्याला त्याची नस ठाऊक असते, हे तत्त्व येथे मान्य झाले. त्याचबरोबर तपासणी व तिची लेखी नोंद बंधनकारक राहिली.

भारतात १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम यांच्या चौकटीत देखभालीचे काम परवानाधारक अभियंत्यांकडे सोपवले गेले. १९३४ च्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे. भारतीय व्यवस्थेचा कल आरंभापासून परवान्याकडे राहिला, तर अमेरिकी व्यवस्थेत निर्मात्याच्या अनुभवाला परवान्याचे रूप दिले गेले. या दोहोंतील भेद नोकरशाहीच्या ढिलाईचा अथवा उदारतेचा नसून ज्ञानाचा पुरावा कशाला मानायचे, याविषयीचा आहे.

४. ब्रेकचे कार्य आणि देखभालीचे स्वरूप

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी यंत्रणेचे कार्य पाहणे आवश्यक ठरते. ७५० किलोग्रॅम वजनाचे विमान ताशी १०० किलोमीटर वेगाने जमिनीवर धावत असताना त्यात सुमारे २ लाख ९० हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग ताशी ८० किलोमीटर असल्यास हीच ऊर्जा सुमारे १ लाख ८५ हजार ज्यूल इतकी उतरते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तुलनेसाठी, स्वारासह २०० किलोग्रॅम भरणारी मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवताना जेमतेम २८ हजार ज्यूल ऊर्जा शोषावी लागते. विमानाच्या ऊर्जेचा काही भाग हवेचा रोध खर्च करतो. उरलेला भाग मुख्य चाकांच्या दोन छोट्या डिस्क उष्णतेच्या रूपाने घेतात. पुढच्या अथवा शेपटीच्या चाकाला ब्रेक नसतो. म्हणूनच उतरतानाचा वेग काटेकोर राखणे ही ब्रेकची पहिली देखभाल ठरते.

बहुसंख्य स्वयंनिर्मित विमानांत प्रत्येक पायाच्या पेडलला स्वतंत्र मास्टर सिलिंडर असतो. डावे पेडल डावे चाक, उजवे पेडल उजवे चाक रोखते. ज्या विमानांचे पुढचे चाक मोकळे फिरणारे असते, त्यांना जमिनीवर वळण्यासाठीही ब्रेकच वापरावा लागतो. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी या प्रसिद्ध स्वयंनिर्मित विमानाची रचना अशीच होती. याच विमानावर आधारित हलके संशोधन विमान बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने बांधले व १९८७ मध्ये उडवले. अशा विमानात एका बाजूचा ब्रेक निकामी झाला, तर थांबण्याबरोबर दिशाही हातची जाते. वळताना ब्रेकवर पाय रेंगाळत ठेवण्याची सवयही घातक असते. त्यामुळे डिस्क तापते, उष्णता तेलापर्यंत पोहोचते, आणि चाकावर हवारोध कमी करणारे आच्छादन असल्यास ती आतच कोंडते. गळणारे तेल तप्त डिस्कवर पडून चाकाला आग लागण्याची शक्यता अशा वेळी निर्माण होते.

देखभालीची कामे वरवर साधी आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलँड पद्धतीच्या ब्रेकमध्ये लायनिंग पितळी रिव्हेटांनी पट्टीवर बसवलेले असते. त्याची जाडी सुमारे २.५ मिलिमीटर उरली की ते बदलावे लागते. डिस्कची किमान जाडीही निर्मात्याने ठरवून दिलेली असते. कॅलिपर आपल्या पिनांवर मोकळा सरकला पाहिजे. पावसाळ्यात पिना गंजून तो अडकला, तर एका बाजूचे लायनिंग लवकर झिजते व चाक सतत घासत राहते. नवे लायनिंग बसवल्यावर ते थेट वापरात आणता येत नाही. ठरावीक पद्धतीने विमान जमिनीवर चालवून, ब्रेक लावून ते तापवावे व मग थंड होऊ द्यावे लागते, तेव्हाच त्याची पकड पूर्ण होते. तेलात शिरलेली हवा काढताना बहुधा खालून, म्हणजे कॅलिपरच्या बाजूने, तेल वर चढवतात, कारण हवेचे बुडबुडे स्वभावतः वर जातात.

टायरमधील हवेचा दाबही याच देखभालीचा भाग मानला पाहिजे. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, पाणी साचलेल्या धावपट्टीवर टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग त्याच्या दाबावर अवलंबून असतो. प्रति चौरस इंच ३० पौंड दाब असता हा वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो, तर दाब २० पौंडांवर घसरल्यास तो ताशी सुमारे ७५ किलोमीटरवर येतो. टायर तरंगू लागला की ब्रेक कितीही उत्तम असला तरी निरुपयोगी ठरतो. पश्चिम महाराष्ट्राच्या पावसाळ्याचा विचार करता या साध्या मोजमापाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

५. पुण्याची कारागिरी आणि ‘ब्रेक ऑइल’ या शब्दाचा सापळा

पुण्याला ब्रेकचे ज्ञान नवे नाही. १९६० च्या दशकापासून आकुर्डी-पिंपरी परिसरात स्कूटर, टेम्पो व ट्रक यांचे कारखाने वाढले. १९६६ मध्ये पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनची स्थापना झाली. पुढे चाकणपर्यंत सुट्या भागांच्या उद्योगांचे जाळे पसरले. त्याच्या जोडीने गल्लोगल्ली गॅरेजे उभी राहिली आणि ब्रेकची तार ओढून घेणे, लायनर बदलणे, हवा काढणे ही कामे हजारो हातांना अवगत झाली. विश्रांतवाडीसारख्या उपनगरातील मेकॅनिकला स्वयंनिर्मित विमानाचा कॅलिपर दाखवल्यास त्याचे कार्य तो अल्पावधीत ओळखेल, यात शंका नाही. दाबाचे तत्त्व तेच, डिस्क तीच, झीजही तीच.

मात्र नेमका येथेच धोका दडलेला आहे. गॅरेजमध्ये ज्याला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, ते रासायनिक दृष्ट्या तेल नसते. मोटारींत प्रचलित असलेला हा द्रव ग्लायकॉल वर्गातील आहे. तो हवेतील ओलावा शोषतो. डॉट-४ दर्जाच्या अशा द्रवाचा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. याउलट हलक्या विमानांत परंपरेने वापरला जाणारा लाल रंगाचा ५६०६ क्रमांकाचा द्रव हे खरोखरच खनिज तेल आहे. दोन्हींसाठी लागणारे रबर भिन्न असते. खनिज तेलासाठी बनवलेले नायट्राइल रबराचे सील ग्लायकॉल द्रवात खराब होतात आणि मोटारीच्या ब्रेकमधील ईपीडीएम रबराचे सील खनिज तेलात फुगतात. काही आधुनिक ब्रेक-संच मोटारीच्या द्रवावर चालण्यासाठीच बनवलेले असतात, त्यामुळे ‘विमानात नेहमी लाल तेल’ हा ठोकताळाही सुरक्षित नाही. कोणत्या संचात कोणता द्रव, हे निर्मात्याची पुस्तिका व त्या विमानाची नोंदवही यांवरूनच ठरते.

या चुकीचे वैशिष्ट्य असे की ती तत्काळ उघड होत नाही. चुकीचा द्रव भरल्यावरही पेडल त्या दिवशी कडकच लागते. सील हळूहळू फुगतो अथवा मऊ पडतो आणि बिघाड पुढे केव्हातरी, प्रत्यक्ष उतरण्याच्या वेळी प्रकट होतो. हाताच्या कौशल्याला जे त्या क्षणी कळू शकत नाही, ते कागदावरील नोंद सांगते. लेखी परंपरा आणि कारागिरीची मौखिक परंपरा यांतील नाते येथे विरोधाचे नसून पूरकतेचे आहे. कॅलिपर अडकल्याचे बोटांना कळते. त्यात मागील वर्षी काय भरले होते, हे मात्र नोंदवहीच सांगू शकते.

६. महाराष्ट्रातील दोन उदाहरणे : दंतकथा आणि दस्तऐवज

महाराष्ट्रातील स्वयंनिर्मित विमानांची चर्चा शिवकर बापूजी तळपदे यांच्यापासून सुरू होते. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याचे सांगितले जाते. तथापि या उड्डाणाला विश्वसनीय समकालीन पुराव्याचा आधार मिळत नाही. त्यांच्या प्रयत्नाशी पुष्कळदा जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील यंत्रांची तपासणी भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली आणि ती उडण्यायोग्य नसल्याचा निष्कर्ष काढला. तळपदे यांच्या जिज्ञासेबद्दल आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, त्यांच्या यंत्राचे आराखडे, चाचण्या, बिघाड व दुरुस्त्या यांच्या नोंदी मागे राहिल्या असत्या, तर वाद एवढा लांबला नसता.

दुसरे उदाहरण समकालीन आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या अमोल यादव यांनी मुंबईतील कांदिवली येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते प्रदर्शित झाले. दीर्घ पाठपुराव्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली आणि पुढील चाचण्यांसाठी धुळ्याची धावपट्टी निवडण्यात आली. या उदाहरणाचे ऐतिहासिक मोल गच्चीपेक्षा गच्चीवरून खाली उतरण्याच्या प्रक्रियेत अधिक आहे. गच्चीवर सांगाडा जोडता येतो, इंजिनही सुरू करून पाहता येते. विमान थांबते की नाही, हे पाहण्यासाठी मात्र धावपट्टी लागते आणि धावपट्टीसाठी नोंदणी, परवानगी व कागदपत्रे लागतात. घरात पूर्ण होऊ न शकणारी चाचणी ब्रेकचीच असते. वैयक्तिक छंदाला सार्वजनिक जबाबदारीशी जोडणारा दुवा म्हणून ब्रेककडे पाहता येते, ते या अर्थाने.

लोहगावची भव्य धावपट्टी विश्रांतवाडीच्या शेजारी असली, तरी लष्करी तळावरील त्या धावपट्टीवर हौशी निर्मात्याला चाचण्या घेणे शक्य होण्याजोगे नाही. शेजारी विमानतळ असूनही प्रयोगासाठी दूरच्या लहान धावपट्टीकडे पाहावे लागणे, ही शहरी हौशी निर्मात्याची खरी अडचण आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. ब्रेकचा उदय पक्क्या जमिनीच्या उदयाशी निगडित आहे आणि येरवड्याच्या हंगामी मैदानापासून लोहगावच्या धावपट्टीपर्यंतचा प्रवास या स्थित्यंतराचे स्थानिक रूप दाखवतो. स्वयंनिर्मित विमानाच्या स्वातंत्र्याला जगभर जी मान्यता मिळाली, ती तपासणी व नोंदीची शिस्त स्वीकारल्यानंतरच मिळाली. पुण्यात ब्रेकविषयक कारागिरी विपुल आहे, तथापि वाहनाकडून विमानाकडे जाताना तिला द्रव, सील, मर्यादा व नोंदी यांच्या लेखी ज्ञानाची जोड अत्यावश्यक ठरते.

या संदर्भात महाविद्यालयांना करण्याजोगे कार्य आहे. भारतात २००७ पासून होणाऱ्या बाहा स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः वाहन बांधतात आणि ब्रेकची चाचणी उत्तीर्ण झाल्याखेरीज त्यांना मैदानात उतरू दिले जात नाही. म्हणजे बांधणीआधी थांबण्याचा विचार करण्याची शिस्त आपल्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. दिघी–विश्रांतवाडी परिसरात अभियांत्रिकी शिक्षण, लष्करी संशोधन आणि विमानतळ शेजारी नांदतात. येथील निवृत्त तंत्रज्ञ व गॅरेज-कारागीर यांच्या मौखिक मुलाखती, जुन्या नोंदवह्या आणि दुरुस्तीच्या वह्या यांचे संकलन इतिहास व अभियांत्रिकी विभागांनी संयुक्तपणे हाती घेतल्यास स्थानिक तंत्र-इतिहासाचे मौलिक साधन उपलब्ध होईल. अशा वह्या रद्दीत जाण्यापूर्वी हे काम व्हावयास हवे. तळपदे यांच्या बाबतीत जी पोकळी राहिली, ती पुढच्या प्रयोगकर्त्यांच्या वाट्याला येऊ नये, यासाठी एवढी तरतूद आजच्या पिढीला निश्चित करता येईल.